अंगदची बिनकामाची गाडी

अंगद,

तुझ्या तेराव्याला माणसं चांगली जमली होती. गल्लीच्या तोंडाशी मांडव घातला होता. कारखान्यातले आपले जुने लोक आले होते. आता त्यांना एकमेकांचे चेहरे ओळखायला जरा वेळ लागतो. जेवणं व्हायच्या आधी चारदोन जण बोलले, आणि सगळे एकच बोलले. दुष्काळात अंगदनं आपली गाडी गल्लीच्या पाण्यासाठी दिली. स्वतःच्या हातानं केलेली गाडी कापली, तिच्यात टाकी बसवली, उन्हाळाभर पाणी वाहिलं. असा माणूस होणे नाही. तुमच्या पलीकडच्या घरातली बाई बोलता बोलता रडायला लागली. ती खरंच रडत होती. त्या उन्हाळ्यात तिचं पोर पाळण्यात होतं.

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. तू असतास तर विडीचं निमित्त काढून केव्हाच उठून गेला असतास.

मग मला बोलायला सांगितलं. तुझ्या मुलानं, प्रदीपनंच माझं नाव घेतलं. काका बाबांचे सगळ्यात जुने मित्र, असं म्हणाला. मी उठलो आणि तुझ्या गाडीच्या बॉनेटबद्दल बोललो. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून, लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून तू तो बाक कसा आणला होतास, उभ्या उन्हात त्यावर हात फिरवला तरी बोटाला एक उंचवटा कसा लागत नव्हता, ते सांगायला लागलो. समोरची माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, मित्राच्या जाण्यानं म्हातारा जरा गडबडलाय. कुणीतरी माझा दंड धरून मला सावकाश खाली बसवलं. पाणी दिलं. मी बसलो.

दवाखान्यात तू सांगितलं होतंस ते मी पाळलं, एवढंच.

गाडी पहिल्यांदा मी पाहिली तेव्हा तिला गाडी म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी आपल्या सहकारी कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो आणि तू वर्कशॉपमध्ये टर्नर. गाळपाचा हंगाम संपला होता. निजामाच्या काळातल्या कुणा जहागीरदाराच्या वारसांनी लिंबाखाली टाकून दिलेला विलायती मोटारीचा सांगाडा तू उसाच्या ट्रॉलीत घालून आणलास. इंजिन नव्हतं, काचा नव्हत्या, कुठल्या कंपनीची ते सांगणारा बिल्ला नव्हता. मागच्या सीटवर कोंबड्यांची घरटी होती. मी हसलो. म्हणालो, यापेक्षा एखादी जुनी जीप घेतली असतीस तर शेतावर तरी जाता आलं असतं.

तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "केमिस्ट, आपण कारखान्यात जे जे करतो ते कशासाठी तरी असतं. रोलर उसासाठी, ऊस साखरेसाठी, साखर चेअरमनसाठी. ही कशासाठीच न्हाई."

माझं नाव तू कधी घेतलं नाहीस. पहिल्या दिवसापासून केमिस्ट, ते शेवटपर्यंत.

पुढची कितीतरी वर्षं त्यात गेली. प्रत्येक हंगाम संपला की तू त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचास. टप कापून टाकलास. चार माणसांची गाडी दोन माणसांची केलीस. पुढचं तोंड लांबवलंस, भंगारातल्या जीपचं इंजिन बसवलंस. मडगार्डच्या साच्यासाठी चिंचेचं खोड कोरत बसलास. मी रविवारी अंबाजोगाईहून तुमच्या चौसाळ्याला यायचो आणि डब्यावर बसून मतं द्यायचो. तुला ती नको असायची, पण मी गप्प राहिलो तर विचारायचास, "कावून बे, आज दातखीळ बसली का?"

रंगावरून तर आपण सबंध उन्हाळा भांडलो. मला लाल हवा होता. तू तुमच्या शेडच्या वाशावर बसणाऱ्या पारव्याची मान दाखवलीस. करडी म्हणावी तर हिरवी दिसते, हिरवी म्हणावी तर करडी. तसा रंग डब्यात मिळत नाही म्हटल्यावर तू स्वतः घोटत बसलास, पत्र्याच्या तुकड्यांवर लावून ते तुकडे उन्हात मांडत गेलास. जमला तेव्हा मात्र मी मान खाली घातली. पण मागच्या भागाबद्दल मी हटलो नाही. पुढून गाडी वाऱ्यासारखी आणि मागून बसलेल्या म्हशीसारखी, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, तुला गाडी उभी असतानाच दिसते, तिला जाताना बघ. हा वाद आपला मिटला नाही. अलीकडे तर आपण तो सवयीनं घालायचो, चहाबरोबर.

वहिनी तेव्हा काय करत होत्या, हे मला नीट आठवत नाही. हंडा घेऊन शेडसमोरून जाताना दिसायच्या. आपल्याला चहा आणून द्यायच्या आणि गाडीकडे न बघता परत जायच्या.

संभाजीनगरला जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं तेव्हा मीच तुला ढकलत नेलं. तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होतास आणि सारखा कॉलर ओढत होतास. आजूबाजूला राजेरजवाड्यांच्या गाड्या, पुण्या-मुंबईचे शौकीन लोक, डोक्यावर गोल टोप्या. त्यांच्यात तुझी पारवी गाडी. तिच्याभोवती दिवसभर माणसं जमत राहिली आणि भांडत राहिली. हैदराबादचे एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसून मडगार्डवरून तळहात फिरवत राहिले. हे कुठल्या मशीनवर केलं, असं त्यांनी विचारलं. तू हातोडी म्हणालास तर त्यांचा विश्वास बसेना. दुसरे एक जण मुलाला दाखवत होते, बघ, चांगल्या गाडीची खिचडी कशी करतात ते. कुणाला दिवे आवडले, कुणाला ते भेदरलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखे वाटले. एका बाईनं म्हटलं, ही गाडी तिच्या मालकासारखी दिसते, आणि तू लाजलास.

पुण्याचे सरदेशमुख तिथंच भेटले. जुन्या गाड्या जमवणारे, अभ्यासू, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी गाडीखाली शिरून चेसिस पाहिली, बाहेर आले, हात पुसले आणि ही कुठली गाडी होती ते सांगितलं. देशात असे सांगाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत म्हणाले. तुमचा हात सोन्याचा आहे, पण तुम्ही एका दुर्मिळ गाडीचा टप करवतीनं कापलाय, याचं मला फार वाईट वाटतं.

तू म्हणालास, "साहेब, तिच्यात कोंबड्या राहत होत्या. तवा तुमी कुठं होता?"

ते हसले. पण त्यांच्या डोळ्यांतलं वाईट वाटणं गेलं नाही. तुला बक्षीस मिळालं नाही. ही गाडी कुठल्या गटात घालायची, हेच परीक्षकांना ठरवता आलं नाही.

नंतर जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकायला लागलो. तू रविवारी मला सगळं वाचून दाखवायला लावायचास. कुणी लिहायचं, मराठवाड्यातला चमत्कार. कुणी लिहायचं, हा गुन्हा आहे. शिव्या ऐकताना तू मांडीवर थाप मारून हसायचास. स्तुती आली की मात्र विचारायचास, "चालवलीय का त्यानं पण?"

चालवली होती ती तू आणि थोडीफार मी. माझी बायको गेली त्या वर्षाची गोष्ट. मी घरातून निघेनासा झालो होतो. एका सकाळी तू चौसाळ्याहून थेट अंबाजोगाईला आलास, आमच्या घराखाली भोंगा वाजवत राहिलास. शेजारीपाजारी गॅलरीत आले. मी खाली उतरलो तर तू नुसतं दार उघडून म्हणालास, "बस." आपण घाटातून निघालो. वर टप नाही, समोर बुटकी काच, वारा कानात शिरत होता. ट्रकवाले ओलांडून जाताना मान बाहेर काढून बघत होते. बरंच पुढं गेल्यावर तू ओरडून म्हणालास, "रडायचं असलं तर रड बे. इंजिनाच्या आवाजात मला काय ऐकू येत न्हाई."

मी रडलो. तू रस्त्याकडे बघत चालवत राहिलास. परत सोडताना त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस, पुढेही कधी नाही. मीही तुझे आभार मानले नाहीत. तुझ्यासमोर ते जमलंही नसतं.

मग तो दुष्काळ आला. आधीचे दोन पावसाळे कोरडेच गेले होते, पण त्या वर्षी कारखान्याला ऊसच उरला नाही. गाळपाचा भोंगा वाजला नाही, बॉयलर पेटला नाही. चिमणीवर घारी येऊन बसायला लागल्या. सभासद चेअरमनला शिव्या देत होते आणि चेअरमन आभाळाला. अर्धा गाव जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेला होता. तुमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा बायकांची झोंबाझोंबी व्हायची, आणि कित्येकदा तो यायचाच नाही.

कपिलधारच्या वाटेवर एका ओळखीच्या माणसाच्या विहिरीला पाणी होतं. तो द्यायला तयार होता, पण आणायचं कशानं? ट्रॅक्टर छावणीच्या चाऱ्याला जुंपलेले. तेव्हा गल्लीतली माणसं तुझ्या शेडपुढं येऊन उभी राहिली. कुणी दांडगाई केली नाही. ती नुसती उभी होती, आणि आत गाडी होती. तिला इंजिन होतं, चाकं होती आणि ती काहीच काम करत नव्हती. सगळ्यांच्या मागं वहिनी होत्या, डोक्यावर रिकामा हंडा.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा गाडीचा मागचा भाग कापलेला होता. आडवे लोखंडी अँगल वेल्डिंग करून तू लोखंडी टाकी बसवली होतीस. नीट काम होतं, तुझं कुठलंच काम वेडंवाकडं नसायचं.   उन्हाळाभर रोज सकाळी ती गाडी पाण्याच्या वजनानं पार मागं बसून, तोंड वर करून महामार्गावरून यायची, आणि पोरं तिच्यामागं धावायची. वर्तमानपत्रात फोटो आला. मी तो ग्रुपवर टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या शौकिनांचं एकमत झालं. गाडीला शिव्या देणारेही म्हणाले, वा, याला म्हणतात माणूस.

दोन माणसांसाठी केलेल्या गाडीला ते वजन कुठलं झेपायला? आधी मागचे कमानपाटे तुटले. तू ते बदललेस. मग चेसिसला पीळ पडला. दारं बसेनाशी झाली. बॉनेटची रेघ दारापाशी जी सरळ मिळायची ती बोटभर खाली उतरली. पाऊस पडल्यावर तू टाकी काढलीस, अँगल कापले, आणि तिला सरळ करायला बसलास. पण कारखाना बंद पडला तो पडलाच होता. वर्कशॉपला कुलूप, मोठे जॅक आत. तू साखळ्या लावून पाहिलंस, ठोकून पाहिलंस. वर्षभर झटलास. एका बाजूनं सरळ केली की दुसरीकडून वाकायची. एक दिवस तू तिच्यावर गोणपाट टाकलंस आणि शेडचं दार ओढून घेतलंस.

त्या दिवशी आपण महामार्गावरच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. तू बशीत चहा ओतलास, पण प्यायला नाहीस. म्हणालास, "जो भेटतो तो म्हणतो, अंगद, लई पुण्याचं काम केलंस. मला पुण्य नव्हतं करायचं बे. मला गाडी करायची होती."

मी म्हणालो, मग नाही म्हणायचं होतंस.

"कुणाला न्हाई म्हणू? पाण्याला?"

  मी तेव्हा समजुतीखातर म्हणालो, अरे, माणसं जगली की. तू मान हलवलीस. "जगली. तेच तर. कुणावर रागवायची पण सोय न्हाई." तेवढं बोलून तू चहा प्यालास, थंड झालेला.

त्यानंतर तू दुसरं काही बनवलं नाहीस. लोकांच्या मोटारी दुरुस्त केल्यास, पाण्याचे पंप दुरुस्त केलेस. हात तेच होते, पण काम संपलं की तू हात पुसून टाकायचास, पूर्वीसारखं वळून त्याच्याकडे बघायचा नाहीस. किडनीचं दुखणं निघालं आणि तुला अंबाजोगाईला आणलं तेव्हा वॉर्डात माझ्या आधी गाडीची कीर्ती पोचली होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस मला म्हणाला, हे पाण्याच्या गाडीवाले ना? तू भिंतीकडे तोंड केलंस.

मी रोज संध्याकाळी यायचो. एकदा तू विचारलंस, "केमिस्ट, खरं सांग. गाडी चांगली झालती का?" मी म्हणालो, फार चांगली झाली होती. तू म्हणालास, "दोस्त म्हणून बोलतोस." मी म्हणालो, शौकीन म्हणून बोलतोय. तुला पटलं की नाही, कळलं नाही. नर्स आली आणि बोलणं तुटलं.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, मी गेल्यावर सगळे पाण्याचंच सांगतील बघ. सांगू दे. तू नको सांगू. आणि मग तू माझं मनगट धरलंस, ती तुझी पद्धत नव्हती. "गाडी सरदेशमुखला नको देऊ देऊस. त्यो चांगला माणूस हाय. म्हणून नको. त्यो तिला दुरुस्त करील."

मी हो म्हणालो. ती गाडी माझी नव्हती, तरी हो म्हणालो.

तेरावं झाल्यावर चौथ्याच दिवशी प्रदीपचा फोन आला की सरदेशमुख गाडी न्यायला तयार आहेत. मी चौसाळ्याला गेलो. प्रदीप आदरानं बोलला, तो नेहमीच आदरानं बोलतो. काका, मी पुण्यात, आई इथं एकटी. शेड गळतंय. अजून दोन वर्षांत तिथं नुसता गंज उरेल. ते लोक तिला जपतील तरी. मी त्याला तुझं बोलणं सांगितलं. तो आईकडे पाहायला लागला.

वहिनी ज्वारी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊजी, गाडी होत होती तवा बी मी पाणी डोक्यावर आणत होते. गाडी झाली तवा बी आणत होते. एक उन्हाळा तिनं आणलं, तर त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. ह्ये तुमाला म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं. अंगद, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

"मी मागं उभी होते," त्या म्हणाल्या. "हंडा घेऊन. त्यांनी फक्त मला बघितलं. बाकी कुणाला न्हाई." मग सूप झटकून म्हणाल्या, "घेऊन जाऊ द्या तिला. ती गेली तर मला त्या शेडकडं बघता येईल."

 तुला दिलेला शब्द मोठा होता, पण त्या सुपापुढं तो मला उच्चारता येईना. चुकलो असेन तर तू ओरडायला आता नाहीस, हेही मला माहीत होतं.

ट्रक सकाळी आला. सरदेशमुख स्वतः आले होते. त्यांनी गोणपाट काढलं तेव्हा धूळ उडाली, आणि तिच्याखाली रंग तसाच होता, करडा की हिरवा ते न कळणारा.  ते मला म्हणाले की इतका चांगला पत्रा त्यांनी क्वचित पाहिलाय. मी विचारलं, मग ठेवाल का तसाच? ते प्रामाणिक आहेत, तू म्हणत होतास तसेच. म्हणाले, नाही. चेसिस सरळ करू, मूळ रेखाचित्रं मिळवलीत, बॉडी मूळची करू. ती पुन्हा जी होती ती होईल. मी म्हणालो, ती जी होती ती आम्ही पाहिलीय. त्यांना ते ऐकू गेलं असावं, पण ते साखळ्या बांधणाऱ्या माणसांकडे वळले.

काल त्यांनी ग्रुपवर फोटो टाकले. बॉनेट, मडगार्ड, दारं उतरवून एका भिंतीला टेकवून ठेवलीत. चेसिस उघडी आहे. खाली सगळ्यांनी अंगठे वर केलेत. एक हरवलेली गाडी परत मिळतेय म्हणून आनंद व्यक्त केलाय. एकानं विचारलं, मधल्या काळात हिचं असं कुणी करून ठेवलं होतं? मी तुझं नाव लिहिलं. चौसाळ्याचे अंगद, टर्नर. त्याखाली कुणीतरी लगेच लिहिलं, अरे, तेच ना दुष्काळात पाणी देणारे? आणि मग सगळ्यांनी हात जोडले.

आज मी परत चौसाळ्याला आलो होतो, वहिनींना बघायला. यंदाही आभाळाचा भरवसा नाही. शेडमधला तुझा सगळा पसारा प्रदीपनं आवरून टाकलाय, जमीन सारवून घेतलीय. गाडी उभी असायची त्या जागी काळी प्लॅस्टिकची टाकी बसवलीय, दोन घरांना पुरेल एवढी. वहिनी म्हणाल्या, जागा झाली म्हणून घेतली. त्या आता शेडचं दार उघडंच ठेवतात. मी बाहेर उन्हातून चालत आलो होतो. त्यांनी टाकीची तोटी सोडून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

मी प्यालो, अंगद. तहान लागली होती.